डिझेलला उतरवा, बॅटरीला चढवा!

विजेवरची होडी ही नवी टूम वाटत असेल तर जरा तारखा बघा. मॉरिट्झ याकोबी यांनी सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीत डझनभर माणसं बसवून बॅटरीवर होडी चालवली ती 1838 मध्ये. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन धड चाललं ते 1897 मध्ये. म्हणजे पाण्यावर वीज थोरली आणि डिझेल धाकटं, तेही तब्बल 59 वर्षांनी! खुद्द डिझेलसाहेब 1913 मध्ये इंग्लंडला निघाले आणि वाटेत जहाजावरून गायब झाले. मृतदेह समुद्रात सापडला. अपघात, आत्महत्या की घातपात, हा वाद अजून मिटलेला नाही.

याकोबींनंतर फ्रान्सच्या गुस्ताव त्रूवे यांनी 1881 मध्ये पॅरिसच्या सेन नदीत होडीला मागून अडकवायची, काढता-घालता येणारी विजेची मोटर चालवून दाखवली. त्यांच्या नावाचा विजेच्या बोटींसाठीचा पुरस्कार 2020 मध्ये कोणाला मिळाला? केरळच्या ‘आदित्य’ला. वैकोमजवळ 2017 पासून प्रवासी नेणारी ही 75 आसनांची सौर फेरीबोट आहे.

आता शिडाच्या छोट्या होडीकडे वळू. हिला इंजिन लागतं ते धक्क्यावरून निघताना, परतताना आणि वारा पडला की. एरवी शीड आहेच. म्हणून डिझेल काढून मोटर बसवायला हिच्याइतकं सोयीचं गिऱ्हाईक नाही.

सगळी मेख वेगात

पाण्यात बसून चालणारी होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पाण्याच्या रेषेवर 20 फूट लांबी असेल तर ताशी 11 किलोमीटरच्या आसपास तिची मजल संपते. त्यापुढे इंजिन कितीही गुरगुरलं तरी डिझेल जळतं आणि लाट तेवढी मोठी होते. उलटा हिशेब मात्र फार गोड आहे. वेग निम्मा केला की ताकद जवळजवळ एक-अष्टमांश लागते. वेळ दुप्पट लागला तरी त्याच बॅटरीत साधारण चौपट अंतर कापता येतं. घाई नसणाऱ्याला एवढी सवलत दुसरं कोणतं वाहन देतं?

या सवलतीची गरजही आहे, कारण बॅटरीचं पोट लहान. 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे पाच युनिट वीज. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट ऊर्जा असते, पण इंजिन त्यातली जेमतेम तीन युनिटं पंख्यापर्यंत पोचवतं, बाकी धूर आणि उष्णता. तरीही ती भलीथोरली बॅटरी दोन लिटर डिझेलची बरोबरी करत नाही! खर्चाचं मात्र उलट. एका लिटरचं काम चार युनिटांच्या आत-बाहेर होतं. तुमच्या वीजबिलावरचा दर बघा आणि पंपावरचा.

सामान कुठून आणायचं?

बोटीचं म्हणून विकलं जाणारं सामान महाग असतं, ‘मरीन’ शब्द लागला की किंमत चढलीच समजा. म्हणून जगभरचे हौशी लोक गोल्फ कार्ट आणि फोर्कलिफ्टच्या जुन्या मोटरी बसवतात. आपल्याकडे त्याहून सोपं आहे, ई-रिक्षा बहुतेक 48 व्होल्टवरच चालते, म्हणजे वरच्या बॅटरीच्याच वर्गात. आणि समुद्र रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या वर असला तरी या बाबतीत छत्रपती संभाजीनगर काही कोरडं नाही. वाळूजला बजाजच्या तीनचाकी बनतात, बिडकीनला एथरने वर्षाला 10 लाख दुचाकींच्या कारखान्याची घोषणा 2024 मध्येच केली आहे. मोटर, कंट्रोलर, वायरिंग समजणारे हात याच गावात आहेत.

प्रत्यक्ष कामात इंजिन उचललं की खाली काळं तेलकट पाणी साचलेलं दिसतं. ते पुसून जुन्याच बैठकीवर मोटर, मध्ये पट्टा आणि दोन पुल्या. मागे जायला गिअर लागत नाही, मोटर उलटी फिरते. पट्ट्याने फेरे कमी करून मोठा पंखा सावकाश फिरवला तर फायदा जास्त. कंजुषी फक्त दोन जागी करायची नाही, फ्यूज आणि जोडण्या. खारी हवा तांब्याला सोडत नाही.

आणखी एक गंमत. शीड भरून होडी पळत असताना पाणी पंख्याला फिरवतं, मोटरची झाली पाणचक्की! आपल्या शहरातल्या पाणचक्कीवर दळण निघायचं, इथे थोडी वीज निघते. थोडीच हं, दिव्यांपुरती, आणि तेवढा होडीचा वेगही मरतो.

आपला समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर. पक्षी अभयारण्य असल्याने मनाला येईल तशी होडी तिथे घालता येत नाही. पण चालणाऱ्या होड्या तरी विजेच्या असाव्यात, कारण तेच पाणी आपण पितो. नळाला ते कधी येईल हा वेगळा विषय!

स्वस्तात कसं जमवायचं, हे तर या शहराला कोणी शिकवायला नको. ऑक्टोबर 2010 मध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन घासाघीस केली आणि एका दिवसात 150 मर्सिडीज घेतल्या, 65 कोटींच्या. पाच-सहा होडीवाल्यांनी मिळून बॅटऱ्या घेतल्या, तर दुकानदार भाव पाडणार नाही का?