खतावणीचे स्थलांतर

एका पतपेढीच्या दप्तरातील संगणक विंडोज एक्सपीवरून लिनक्सवर नेण्याच्या कामी माझा काही सहभाग होता. पत्रव्यवहार, तक्ते, आवक-जावक नोंदी वगैरे बाबी फारसे सायास न पडता मार्गी लागल्यावर जो एकच प्रश्न शिल्लक राहिला, तो कर्जखात्याच्या खतावणीचा. ही खतावणी फॉक्सप्रो २.६ मध्ये लिहिलेल्या एका डॉस प्रोग्रॅमवर चाले. रोजकीर्दीतील रकमा खात्यांवर चढवणे, थकबाकीवर दंडव्याज आकारणे आणि महिनाअखेर तेरीज काढणे ही कामे तो बिनबोभाट करी. परंतु व्याजाची आकारणी नेमकी कोणत्या नियमाने होते, याचा लेखी दाखला दप्तरात कोठेही नव्हता.

एक्सपीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवल्यामुळे स्थलांतर अपरिहार्यच होते. आणि ६४ बिटी विंडोज घेतली असती तरी अडचण टळली नसती, कारण त्या विंडोजमध्ये डॉसचे १६ बिटी प्रोग्रॅम चालवण्याची व्यवस्थाच नाही. लिनक्सवर परके प्रोग्रॅम चालवण्याचे दोन मार्ग आहेत. १९९३ साली आरंभलेला ‘वाइन’ हा विंडोज प्रोग्रॅमची प्रत्येक मागणी लिनक्सला कळेल अशा मागणीत पालटून पुढे पाठवतो, मात्र प्रोग्रॅमच्या आज्ञा खऱ्या प्रोसेसरवरच चालतात. उलट मुळात जुन्या खेळांसाठी रचलेला ‘डॉसबॉक्स’ प्रोसेसर, पडदा, कळफलक यांसह अवघे यंत्रच सॉफ्टवेअरमध्ये उभे करतो. आमचा प्रोग्रॅम डॉसचा असल्याने आम्हांला दुसऱ्याचीच गरज होती. ‘माउंट’ ही आज्ञा देऊन लिनक्सवरील एक फोल्डर ‘सी’ ड्राइव्ह म्हणून दाखवले, की आपण कोणत्या यंत्रावर आहोत याची शंकाही प्रोग्रॅमला येत नाही.

पडद्यावर निळी चौकट उमटते, खातेक्रमांक टाइप करताच सभासदाची नावनिशी हजर होते, आणि काम संपलेसे वाटते. अशा प्रोग्रॅमांनी आपल्या काळातील किती गोष्टी गृहीत धरलेल्या असतात, ते त्यानंतर एकेक करून कळते. वेगाचेच घ्या. टर्बो पास्कलमधील पुष्कळ प्रोग्रॅम आरंभी यंत्राचा वेग मोजीत, आणि प्रोसेसर अतिजलद निघाला तर भागाकाराचे उत्तर सोळा बिटांत न मावून ‘रनटाइम एरर २००’ म्हणत तेथेच थांबत. डॉसबॉक्समध्ये यंत्राचा वेग हवा तितका उतरवता येतो, म्हणून तेथे हा दोष टाळता येतो. लिपीचा पेच अधिक बिकट. ज्या दप्तरांची मराठी सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर अवलंबून होती, त्यांना ते कार्ड डॉसबॉक्स पुरवीत नाही, आणि सभासदाच्या नावाच्या जागी रेघांचे तुकडे व ग्रीक अक्षरे उमटतात. आमच्या पतपेढीने नावे रोमन लिपीत ठेवल्यामुळे तो प्रसंग आला नाही.

छपाईपाशी मात्र मुक्काम लांबला. ‘‘आकडे पडद्यावर बरोबर आहेत हो साहेब, पण सभासद कागद मागतो,’’ हे हेडक्लार्कांचे म्हणणे बिनतोड होते. समांतर पोर्टाला डॉट-मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला आहे अशी प्रोग्रॅमची समजूत. खातेउताऱ्याच्या आरंभी तो १५ हा सांकेतिक अंक पाठवून अक्षरे दाट करवी, आणि तेव्हाच १३२ अक्षरांची ओळ अरुंद कागदावर मावे. डॉसबॉक्सच्याच वंशातील ‘डॉसबॉक्स-एक्स’मध्ये पोर्टाकडे जाणारा मजकूर एका फाईलीत उतरवण्याची तजवीज आहे. ती फाईल लिनक्सच्या छपाई-रांगेतून, कोणताही फेरफार न होऊ देता, त्याच जुन्या प्रिंटरकडे धाडली, तेव्हा उतारा रकान्याला रकाना जुळून बाहेर पडला. पुढे दोन्ही यंत्रांवर एकाच दिवसाची तेरीज काढून ती पैशापर्यंत ताडून पाहिली.

आकड्यांपुरते पाहिले तर एवढा खटाटोप अनावश्यक ठरला असता, कारण फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाईली लिब्रेऑफिसमध्ये थेट उघडतात. परंतु त्या फाईलींत केवळ रकमा आहेत. व्याजाचा नियम प्रोग्रॅमच्या पोटात आहे, आणि तो चालता असेल तरच त्याची जबानी घेता येते. म्हणून आता एक नमुना-कर्जखाते उघडून, हप्ता एक दिवस उशिरा भरला तर काय, महिनाअखेरीस भरला तर काय, फेब्रुवारीच्या २९ तारखेस भरला तर काय, अशी उत्तरे एकेक करून वहीत उतरवली जात आहेत. त्यांवरून सिद्ध होणारा नियमांचा मसुदा संचालक मंडळापुढे ठेवायचा, आणि नवा प्रोग्रॅम कोणीही लिहून आणला तरी तो याच उत्तरांशी पडताळून मगच स्वीकारायचा, असे ठरले आहे.