शैलीपत्रक आणि संहिता : ‘इंदरसभे’च्या निमित्ताने

लखनौच्या आगा हसन अमानत यांची ‘इंदरसभा’ ही १९व्या शतकाच्या मध्यातील उर्दू नाट्यकृती गझल, ठुमरी, होरी अशा पद्यप्रकारांनी घडलेली आहे. उर्दूप्रमाणेच देवनागरी व गुजराती लिप्यांतूनही ती छापली गेली. अशा आवृत्त्यांच्या तौलनिक अभ्यासास एक्सएमएल ही खुणापद्धती उपयोगी पडते. तीत पद्याचे दर्शनी रूप नव्हे, तर त्याचा प्रकार, गाणारे पात्र आणि पाठभेद नोंदविले जातात. रूप देणे हे शैलीपत्रकाचे कार्य होय. १९९९ मध्ये प्रमाणित झालेल्या एक्सएसएलटी भाषेत ते नियमांच्या स्वरूपात लिहितात : ‘ठुमरी’ ही खूण आढळताच अमुक मजकूर सिद्ध करावा. मूळ दस्तऐवज अबाधित राहतो. मात्र एका पत्रकाने वाचनीय संहिता, दुसऱ्याने केवळ ठुमऱ्यांची सूची, तर तिसऱ्याने दोन आवृत्त्यांचा समांतर तक्ता तयार होतो. म्हणूनच अभ्यासकाने नियम शिकण्यापूर्वी खुणांचा विचार करावा. जो पाठभेद नोंदविलाच नाही, तो कोणतेही शैलीपत्रक परत आणू शकत नाही. आणि ठुमरी कशास म्हणावे, हा निर्णय यंत्राचा नसून संपादकाचाच असतो.