'माय फादर आर' : ही चूक येते कुठून?



आमच्या संध्याकाळच्या अभ्यासिकेत नववीतल्या एका कातकरी मुलीने वडिलांविषयी पाच ओळी इंग्रजीत लिहून आणल्या. पहिलीच ओळ होती, 'माय फादर आर गुड.' मी लाल पेनने 'आर' खोडून 'इज' केले आणि पुढची वही घेतली. ती तिथेच उभी राहिली. म्हणाली, "सर, मग वडिलांना एकेरी म्हणायचं?"

मी लाल पेन बाजूला ठेवले. 'वडील आला' असे आपण म्हणत नाही. माणूस एक असला तरी आदराने 'वडील आले' म्हणतो. घरची बोली वेगळी असलेल्या या मुलीने शाळेतली मराठी मेहनतीने कमावली होती आणि तिचाच नियम ती इंग्रजीत पाळत होती. इंग्रजीत क्रियापद आदर दाखवत नाही, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. मीही नाही.

2000 सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी नववीत 'ही गो' लिहिले जाते, आणि आपण म्हणतो, मुलांचे लक्ष नाही. पण मराठी क्रियापद किती कसरत करते ते पाहा. मुलगा जातो, मुलगी जाते, मुले जातात. इथे ते कर्त्यामागे चालते. पण 'मुलीने आंबा खाल्ला, मुलीने भाकरी खाल्ली' म्हटले की मुलीला सोडून ते आंब्याच्या, भाकरीच्या मागे जाते. 'मुलीने भावाला मारले' यात तर ते कोणाच्याच मागे नाही. कर्तरी, कर्मणी, भावे ही नावे पुस्तकातली. चार वर्षांचे मूल नावे न शिकताच हे बिनचूक बोलते. या साऱ्याचा सविस्तर विचार 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (1911) या ग्रंथात आहे. तो लिहिणारे मो. के. दामले म्हणजे आपल्या मालगुंडच्या केशवसुतांचे भाऊ.

इंग्रजीत त्या मानाने काम थोडे. साध्या वर्तमानकाळात आय, यू, वी, दे या सर्वांना 'ईट'. फक्त 'ही, शी, इट' किंवा एकच व्यक्ती-वस्तू असेल तर 'ईट्स'. गोंधळ होतो तो 'एस'मुळे. नामाला लागला तर अनेक, क्रियापदाला लागला तर एक! म्हणून मी दोन कागद ठेवतो, एक नामाचा, एक क्रियापदाचा, आणि मुलांच्या हाती एकच चिंचोका देतो. तो नामावर ठेवला तर 'बॉईज प्ले', क्रियापदावर ठेवला तर 'बॉय प्लेज'. 'ही डझ नॉट गोज' का चुकते तेही यातून दिसते: चिंचोका 'डझ'मध्ये गेला, 'गो'साठी उरला नाही. 'चिल्ड्रेन प्ले'पाशी मात्र युक्ती अडते, कारण तिथे चिंचोका कुठेच नाही. असे शब्द वेगळे सांगावे लागतात.

'अ बॉक्स ऑफ मँगोज' पुढे 'इज' की 'आर' हे मात्र शिकवावे लागले नाही. मी एवढेच विचारले, "आंब्यांची पेटी आली की आले?" सगळे हसले. पेटी आली, म्हणून 'इज'.

माझी स्वतःची फजिती सांगतो. धर्मशास्त्राच्या पदविकेसाठी थोडे ग्रीक शिकलो. त्या भाषेत नपुंसकलिंगी अनेकवचनी कर्त्याला बहुधा एकवचनी क्रियापद लागते. योहानाच्या 10व्या अध्यायात 3ऱ्या वचनातली मेंढरे पुष्कळ, पण त्यांचे 'ऐकणे' एकवचनी. पुढच्याच वचनात त्यांचे 'ओळखणे' अनेकवचनी. मी मराठीच्या सवयीने सरसकट अनेकवचन लिहीत असे. वहीत पाच वेळा तीच चूक. तेव्हा मला कोणी बेफिकीर म्हटले असते तर वाईट वाटले असते.

दिवाळीनंतर बरीच कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. बरोबर गेलेल्या मुलांची शाळा तिथेच तुटते, म्हणून हा धडा आम्ही दिवाळीच्या आत संपवतो. यंदा ही मुलगी आजीजवळ मागे राहिली आहे. गेल्या आठवड्यात तिने पुन्हा वडिलांविषयी लिहिले, 'माय फादर मेक्स ब्रिक्स. ही डझ नॉट कम होम नाऊ.'

दोन्ही वाक्यांत चिंचोका जागेवर होता.