बंद खाणीचे खाते कधी मिटते?



आपल्या मंडळातील बऱ्याच घरांतली मुले अमेरिकेत आहेत. आई-वडील दोन-तीन महिने राहून, नायगारा, न्यूयॉर्क पाहून येतात. कोणाचा मुक्काम मिनेसोटा राज्यात असेल, तर तेथील सूडॅन ही लोखंडाची जुनी खाण अवश्य पाहावी.

ही त्या राज्यातील पहिली लोहखाण. 1882 मध्ये येथे उघड्यावर खोदकाम सुरू झाले आणि 1884 मध्ये पहिले खनिज रेल्वेने लेक सुपीरियरच्या बंदरावर पोहोचले. खड्डे खोल आणि धोकादायक होऊ लागले, तेव्हा कंपनी जमिनीखाली उतरली. शेवटचा, म्हणजे सत्ताविसावा स्तर सुमारे 2,340 फूट खोल आहे. खडक कणखर आणि खाण कोरडी, त्यामुळे इतर खाणींच्या मानाने येथील काम बरे मानले जाई.

1962 मध्ये खाण बंद पडली, पण खनिज संपले म्हणून नव्हे. येथील कठीण ढेकळे जुन्या पद्धतीच्या पोलादभट्टीत उपयोगी पडत. नव्या भट्ट्यांत थेट ऑक्सिजन सोडला जाऊ लागला, हलक्या प्रतीच्या खनिजापासून गोळ्या बनू लागल्या आणि खोलवरून माल काढणे परवडेना. माल शिल्लक, पण गिऱ्हाईक गेले!

आमच्या बँकेच्या भाषेत हे बुडीत खाते. अशा वेळी यंत्रे भंगारात जातात, पंप थांबतात आणि खाण पाण्याने भरते. आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी 2001 मध्ये बंद झाल्यावर खालचे बोगदे असेच पाण्याखाली गेले. सूडॅनमध्ये मात्र यू. एस. स्टील कंपनीने खाण यंत्रसामग्रीसह राज्य सरकारला देऊन टाकली. 1966 मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

म्हणूनच 1924 सालचे विजेवर चालणारे उचलयंत्र आजही पाहायला मिळते. याच यंत्राच्या पिंजऱ्यातून प्रवासी साधारण तीन मिनिटांत तळाशी जातात. पुढे छोट्या रेल्वेने खोदकामाच्या जागेपर्यंत नेतात. खाली बाराही महिने तापमान दहा-अकरा अंश असते, स्वेटर न्यावा. डोक्यावर एवढा खडक असल्याने अंतराळातील किरणांचा अडथळा कमी होतो. त्यामुळे येथे पुढे भौतिकशास्त्राची प्रयोगशाळाही झाली. 735 किलोमीटरवरील फर्मीलॅबमधून सोडलेले न्यूट्रिनो कण येथे मोजले गेले. आपल्या कोलारमध्येही 1965 मध्ये असे कण नोंदले गेले होते.

हे सांगण्याचे कारण जवळचे आहे. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक भिलाईला आहेत. तेथील भट्ट्यांना 1959 पासून आजवर खनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराचे साठे आटत चालले आहेत आणि रावघाटकडे वळावे लागत आहे. राजहराची खाण उघडी आहे, तेथे पिंजरा नाही. पण डोंगर कापून झालेल्या पायऱ्या, खनिज फोडण्याची यंत्रे, कामगारांची वस्ती आणि त्यांच्या आठवणी आहेत. यातले काय जपायचे, हे भंगाराचा लिलाव होण्याआधी ठरले पाहिजे. सूडॅन आज पाहता येते, कारण कुलूप लागल्यावरही तिथली यंत्रे जागेवर राहिली. लिलावानंतर फक्त पाटी लावता येते.

भिलाई-राजहराला नोकरी केलेले ज्येष्ठ आपल्या घरात असतील, तर त्यांच्याकडून तिथल्या कामाची हकीकत लिहून घ्यावी. एवढे तर आपल्या हातात आहे.