पदवीच्या दुसऱ्या सत्रातील समाकलन : ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी साधने व साहाय्य (विशेष संदर्भ : गंगाखेड)

प्रस्तावना :
गोदावरीकाठी वसलेले गंगाखेड हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण संत जनाबाईंचे गाव म्हणून सर्वपरिचित आहे. परिसरातील खेड्यांतून अनेक विद्यार्थी पदवी शिक्षणासाठी येथे येतात. परभणी जिल्हा हा १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या, नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात मोडतो. विज्ञान शाखेत गणित घेणाऱ्या विद्यार्थ्यास सामान्यतः प्रथम अवकलन व त्यानंतर समाकलन अभ्यासावे लागते. समाकलनात अडखळलेला विद्यार्थी पुढे अवकल समीकरणे, संभाव्यता व भौतिकशास्त्र या विषयांतही मागे पडतो आणि अनेकदा गणितच सोडून देतो. म्हणून या टप्प्यावरील अध्ययनसाधने व साहाय्य यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अडचणीचे स्वरूप :
समाकलन हा विषय पदवीच्या विद्यार्थ्यास सर्वस्वी नवा नसतो. राज्य मंडळाच्या बारावीच्या पाठ्यपुस्तकात त्याचा समावेश आहे. तरीही अडचण येते, याचे पहिले कारण विषयाच्या स्वरूपात आहे. अवकलनात नियम क्रमाने लावत गेल्यास उत्तर मिळते. समाकलनात मात्र योग्य पद्धत स्वतः निवडावी लागते. उदाहरणार्थ, 'क्ष × ज्या(क्ष²)' या फलाचे समाकलन करताना क्ष² च्या जागी नवे चल घ्यावे लागते. 'क्ष × ज्या(क्ष)' साठी गुणाकाराचे दोन भाग करून खंडशः समाकलन करावे लागते. 'ज्या(क्ष²)' चे समाकलन तर नेहमीच्या प्राथमिक फलांच्या रूपात लिहिताच येत नाही. दिसण्यात तिन्ही फले जवळची, परंतु वाटा तीन. सूत्रे पाठ केल्याने ही निवड साध्य होत नाही.

दुसरे कारण भाषेचे आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यासमोर इंग्रजी पाठ्यपुस्तक असते. प्रश्नातील आकडेमोड त्यास जमते. प्रश्न काय विचारतो हे उमगत नाही. वर्गात शंका विचारण्याचा संकोचही बहुधा यातूनच उद्भवतो.

उपलब्ध साधने :
संकल्पना मराठीतून समजून घेण्यासाठी मराठी विश्वकोशातील 'अवकलन व समाकलन' ही नोंद उपयुक्त असून ती महाजालावर विनामूल्य वाचता येते. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांच्या सहकार्याने २००३ मध्ये सुरू झालेल्या एनपीटीईएल उपक्रमातील व्याख्याने, तसेच ओपनस्टॅक्सच्या कॅल्क्युलस ग्रंथाचा दुसरा खंड हीदेखील विनामूल्य साधने आहेत. जिओजेब्रा या संगणकप्रणालीमुळे वक्राखालील क्षेत्र पट्ट्यांत विभागून पाहता येते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने अशा मुक्त प्रणालींचे पाठ भारतीय भाषांतून उपलब्ध केले आहेत.

तथापि या साधनांची एक मर्यादा ध्यानात घेणे आवश्यक आहे. व्याख्यानात पद्धत अध्यापक निवडतो. विद्यार्थी केवळ पाहतो. निवडीचा सराव त्याला अन्यत्र मिळावा लागतो.

साहाय्याची रचना :
या संदर्भात अमेरिकेतील यूरी ट्राइसमन यांचे कार्य मार्गदर्शक ठरते. १९७० च्या दशकात बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात कलनशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे निरीक्षण करताना त्यांना आढळले की, कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्ट घेत, परंतु एकेकटे अभ्यास करीत. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत. त्यावरून त्यांनी गटकार्यशाळा सुरू केल्या. त्यांत 'कच्च्यांचा वर्ग' ही भावना न ठेवता गटाने सोडवावीत अशी कठीण उदाहरणे दिली जात. त्याचा विद्यार्थ्यांच्या यशावर अनुकूल परिणाम दिसून आला.

हीच रचना ग्रामीण महाविद्यालयात अल्प खर्चात शक्य आहे. चार-पाच विद्यार्थ्यांचे गट करून आठवड्यातून एक तासिका त्यांना द्यावी. बाहेरगावचे विद्यार्थी एस.टी.च्या वेळेवर अवलंबून असल्याने ही तासिका वेळापत्रकातच असावी. महाविद्यालय सुटल्यानंतर ठेवल्यास ज्यांना तिची गरज अधिक, तेच अनुपस्थित राहतील. प्रत्येक उदाहरण सोडविण्यापूर्वी पद्धत कोणती व का, हे विद्यार्थ्याने मराठीतून सांगावे आणि नंतर उत्तर इंग्रजीत लिहावे. संज्ञांची द्विभाषिक सूची विद्यार्थ्यांकडूनच तयार करून घ्यावी.

उदाहरणे परिसरातील असावीत. समजा, नदीपात्राची रुंदी ८० मीटर असून दर २० मीटरवर खोली अनुक्रमे ०, ३, ४, ३ व ० मीटर आहे. समलंब नियमाने छेदाचे क्षेत्रफळ २०० चौरस मीटर येते, तर सिम्पसनच्या नियमाने सुमारे २१३.३ चौरस मीटर. फरक का पडला, या प्रश्नावर गटात चर्चा घडवावी. पात्राचा तळ अन्वस्ताकार मानल्यास निश्चित समाकलाने दुसरेच उत्तर तंतोतंत मिळते, हे विद्यार्थी स्वतः पडताळू शकतात. गोदावरीचे पात्र रोज पाहणाऱ्यास समाकलन म्हणजे लहान भागांची बेरीज, हे येथे सहज पटते.

समारोप :
साधनांची उपलब्धता पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली आहे. त्यांचा उपयोग करून घेणारी व्यवस्था महाविद्यालयानेच उभारावयाची आहे. निश्चित तासिका, लहान गट, मराठीतून विचार आणि चुकण्याची मुभा, एवढ्या गोष्टी अध्यापकाच्या आवाक्यातील आहेत. परीक्षेच्या निकालानंतर पुनर्परीक्षेची तयारी करून घेण्यापेक्षा सत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच असे साहाय्य सुरू करणे अधिक हितावह ठरेल. गणित सोडण्याचा निर्णय विद्यार्थी बहुधा त्याच सुमारास, कोणाला न सांगता, मनोमन घेत असतो.