फ्लॉपीतला इतिहास जपणारा छंदिष्ट

संगणकाचा इतिहास म्हटला की मोठ्या कंपन्या आणि त्यांचे धनाढ्य मालक आठवतात. पण त्या इतिहासाचा बराच भाग शिल्लक राहिला तो छंदापायी पदरमोड करणाऱ्या माणसांमुळे. अमेरिकेतले जेसन स्कॉट त्यांपैकीच एक.

१९७८ साली शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी पहिला 'बुलेटिन बोर्ड' सुरू केला. आपला संगणक टेलिफोनला जोडायचा, दुसऱ्याच्या घरच्या संगणकाला फोन लावायचा आणि तिथे निरोप ठेवायचे, वाचायचे. आजच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा हा पूर्वजच. ऐंशीच्या दशकात शाळकरी वयाचे स्कॉट अशा बोर्डांवरचे लेख उतरवून घेत. पुढे इंटरनेट आले, बोर्ड बंद पडत गेले आणि कितीतरी मजकूर संगणकासकट भंगारात गेला. १९९८मध्ये स्कॉट यांनी आपला साठा 'टेक्स्टफाइल्स डॉट कॉम' या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला केला. त्यात विनोद आहेत, वाद आहेत, पाककृतीही आहेत. त्या काळची साधी माणसे संगणकावर काय बोलत होती, ते तिथे कळते.

अशा संग्रहालयाला इमारत लागत नाही, तिकीट नसते. मेहनत मात्र भरपूर लागते. फ्लॉपीवरचा चुंबकीय थर काळाबरोबर खराब होतो. ती वाचणारे यंत्र शोधावे लागते. फाइल मिळालीच, तरी ती उघडणारा जुना प्रोग्राम हवा. त्यासाठी 'एम्युलेटर', म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम वापरतात. कागदही जपावे लागतात. २०१५मध्ये मेरीलँड राज्यात जुन्या यंत्रांच्या सुमारे २५ हजार माहितीपुस्तिका फेकल्या जाणार होत्या. स्कॉट यांनी हाक दिली, स्वयंसेवक धावले आणि काही दिवसांत त्या खोक्यांत भरून वाचवल्या.

एकट्याच्या बळावर चाललेल्या संग्रहाला एक धोका कायम असतो. तो माणूस थकला किंवा सर्व्हरचे भाडे थांबले, की सारे पुसले जाते. कंपन्यांचाही भरवसा नाही. २००९मध्ये याहूने 'जिओसिटीज' बंद केले, तेव्हा लोकांनी हौसेने बनवलेली असंख्य पाने एका फटक्यात गेली असती. स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'आर्काइव्ह टीम'ने जमतील तेवढी आधीच उतरवून घेतली. एकाच प्रतीवर विसंबायचे नाही, हा या कामाचा पहिला नियम आहे.

तो आपल्या घरालाही लागू आहे. कपाटात निकाहची सीडी असेल, अब्बांनी जुन्या मराठी फॉण्टमध्ये टाइप केलेले लेख असतील. तो फॉण्ट नसेल, तर अक्षरांच्या जागी नुसती चिन्हे दिसतात. म्हणून लेख युनिकोडमध्ये आणा, सीडी हार्ड डिस्कवर उतरवा आणि एक प्रत दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी ठेवा. फोटोत कोण आहे, ते नावानिशी लिहून ठेवा. हे सांगू शकणारी वडीलधारी माणसे घरात आहेत, तोवरच हे काम सोपे आहे.