घड्याळ एका क्षणात पुढे, शरीर मात्र मागेच: मार्चअखेरच्या थकव्याची कारणे आणि उपाय

मार्च महिन्यातील शेवटचा रविवार लागला, की रात्री एक वाजता ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे जातात आणि ‘ब्रिटिश समर टाइम’ सुरू होतो. २०२५ साली हा रविवार आणि गुढीपाडवा ३० मार्चला एकाच दिवशी आले होते. गुढी उभारण्यासाठी सहाचा गजर लावून उठणाऱ्यांच्या शरीराच्या लेखी त्या सकाळी पाचच वाजले होते.

एका तासाची झोप ती काय, दुसऱ्या रात्री भरून काढू, असे आपण म्हणतो. पण अनुभव निराळा असतो. सोमवार-मंगळवारी डोके जड राहते, दुपारी डुलक्या येतात आणि रात्री मात्र वेळेवर झोप लागत नाही. अनेकांना पूर्ववत होण्यास चार-पाच दिवस, काहींना आठवडाही लागतो. हा आळस नव्हे आणि केवळ बुडालेल्या झोपेचा हिशेबही नव्हे. शरीराचे आतले घड्याळ मागे पडलेले असते आणि ते पुढे आणण्याचे मुख्य साधन आहे सकाळचा उजेड.

आतले घड्याळ कसे चालते?

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. झोप, जाग, शरीराचे तापमान आणि संप्रेरके यांची दैनंदिन लय तो राखतो. या लयीमागील रेणवीय यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बहुतेक माणसांत या घड्याळाचा फेरा चोवीस तासांहून किंचित मोठा असतो. त्यामुळे ते मागे रेंगाळण्यास सदैव तयार असते, पुढे जाण्यास मात्र नाखूश. भारतात जाणाऱ्या प्रत्येकाला याचा प्रत्यय आलेला आहे. लंडनहून मुंबईला गेल्यावर रात्री अकराला पाठ टेकली तरी शरीराच्या हिशेबाने अजून संध्याकाळच असते. परतीचा प्रवास त्यामानाने सोपा जातो. मार्चमधील बदल हा असाच पूर्वेकडचा, एका तासाचा प्रवास आहे. म्हणूनच तो ऑक्टोबरमधील बदलापेक्षा अधिक जाणवतो.

त्यात उजेडाची वेळही प्रतिकूल होते. सकाळचा उजेड आतले घड्याळ पुढे ढकलतो, संध्याकाळचा ते मागे ओढतो. लंडनमध्ये शनिवारी पावणेसहाच्या सुमारास होणारा सूर्योदय रविवारच्या घड्याळात पावणेसातच्या आसपास जातो, तर सूर्यास्त साडेसहावरून साडेसातकडे सरकतो. हवा असलेला उजेड कमी आणि नको असलेला अधिक, अशी ही अवस्था आहे.

हुकमाने बदललेली वेळ

विल्यम विलेट या इंग्रज बांधकाम व्यावसायिकाने १९०७ साली पुस्तिका काढून उन्हाळ्यात घड्याळे पुढे करण्याचा आग्रह धरला. १९१५ साली त्याचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटनने ही पद्धत स्वीकारली. सरकारी वेळ आणि सूर्याची वेळ यांतील तंटा मुंबईलाही नवा नाही. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावर शहरात तिला मोठा विरोध झाला आणि प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत टिकून राहिली. दुसऱ्या महायुद्धात तर भारतातील घड्याळेही काही वर्षे एक तास पुढे होती. शहराने हुकूम नाकारला, तसा शरीर आजही नाकारते.

या नकाराचे परिणाम अगदीच किरकोळ नाहीत. स्वीडनमधील नोंदींवर आधारित, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वसंतातील बदलानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्यांत सुमारे पाच टक्के वाढ आढळली. घड्याळे बदलण्याची प्रथाच बंद करावी, अशी भूमिका ब्रिटिश स्लीप सोसायटीने २०२४ साली घेतली.

काय करावे?

रविवारची वाट पाहू नये. आधीच्या तीन-चार दिवसांत जेवण, झोप आणि उठणे रोज पंधरा-वीस मिनिटे अलीकडे आणावे. मुलांच्या बाबतीत तर हे विशेष उपयोगी पडते.

रविवारी उशिरापर्यंत लोळण्याचा मोह टाळावा, कारण त्यात नेमका सकाळचा उजेड हातचा जातो. उठल्यावर तासाभराच्या आत वीस-तीस मिनिटे बाहेर चालून यावे. आकाश ढगाळ असले तरी बाहेरचा उजेड घरातील दिव्यांच्या अनेक पट असतो. रात्री आठनंतर पडदे ओढावेत, दिवे मंद करावेत, पडदा उजळणारी उपकरणे दूर ठेवावीत.

चहाचाही विचार हवा. शरीरातील कॅफिन निम्म्यावर येण्यास साधारण पाच तास लागतात. पाच वाजता घेतलेल्या चहातील निम्मे कॅफिन रात्री दहालाही शिल्लक असते. त्या आठवड्यात शेवटचा कप दुपारी दोनच्या आत घ्यावा आणि नऊचे जेवण साडेसातवर आणावे. दुपारची डुलकी वीस मिनिटांपुरतीच असावी.

भारताशी काम करणाऱ्यांना एक सोय आहे. वेळेतील फरक साडेपाच तासांवरून साडेचार तासांवर येतो. पुण्यातील दुपारी साडेबाराची बैठक हिवाळ्यात येथे सकाळी सातला असते, ती आता आठला येते. शरीरासाठी तो क्षण तोच राहतो. तीच बैठक इथल्या सात वाजताच ठेवली, तर एक तास लवकर उठावे लागते. पहिला आठवडा तरी बैठका भारतीय वेळेला बांधून ठेवाव्यात. आईवडिलांना फोन करण्यासही सवड मिळते: संध्याकाळी पाचला काम संपते तेव्हा तिकडे साडेदहाऐवजी साडेनऊच वाजलेले असतात.

दक्षता कुठे हवी?

पहाटेच्या पाळीसाठी गाडी चालवणाऱ्यांनी विशेष जपावे. झोप येऊ लागल्यास सुरक्षित जागी थांबून दोन कप कॉफी घ्यावी आणि किमान पंधरा मिनिटे डुलकी घ्यावी, असे ब्रिटनची वाहतूक नियमावली सांगते. खिडकी उघडणे किंवा गाणी लावणे हा त्याला पर्याय नव्हे. इन्शुलिनसारखी वेळेशी बांधलेली औषधे घेणाऱ्यांनी नव्या वेळा फार्मासिस्टला आधीच विचाराव्यात.

आणि थकवा काही आठवडे टिकला, तर दोष घड्याळाला देत बसू नये. लोहाची किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, मधुमेह अशी कारणे तपासण्यासाठी जीपीकडे जावे. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, असा एनएचएसचा सल्ला आहे. घड्याळामुळे आलेला थकवा साधारण आठवडाभरात ओसरतो. जो ओसरत नाही, त्याची चौकशी व्हायलाच हवी.